घाण्याचे तेल, पण मोजून

गावोगावी लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. डोळ्यांदेखत गाळलेले तेल घरी न्यायला मिळते, हे चांगलेच आहे. सोलापूर-मराठवाड्याची करडई, सातारा-कोल्हापूरकडचा भुईमूग ही आपली पिके. तरीही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. पामतेलातली जवळपास निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी असतात. करडईत त्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते.

मात्र ‘घाण्याचे आहे, कितीही खा’ हा समज घातक आहे. तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतातच. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला रोज २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे तेल पुरते. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलोंहून अधिक तेल संपत असेल, तर फोडणीत बाटलीतून धार सोडणे थांबवून चमचा हाती घ्यावा. घाण्याचे तेल महाग पडते, ही तक्रार खरी आहे. पण पाच किलोंऐवजी तीनच किलो आणले, तर खर्चाचा मेळ बराचसा बसतो.

घाण्यावर गेलात की आधी दाणे पाहा. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते तेलातही उतरते. तेल जवळचे असावे, पारखून घेतलेले असावे आणि बेताचेच असावे.