टोपी विरुद्ध पिशवी

जून लागला की आमच्या सोसायटीत माणसांच्या डोक्यावर छत्र्या येतात आणि मोटारसायकलींच्या प्लगवर दुधाच्या पिशव्या. पिशवी आधी स्वच्छ धुतलेली, वाळवलेली असते. ती प्लगच्या टोपीवर चढवायची, वर दोन रबरबँड आणि त्यावर काळी चिकटपट्टी. मग मालक चार पावलं मागे जातो आणि मुंडावळ्या बांधलेल्या मुलाकडे पाहावं तसा गाडीकडे पाहतो. २०१८ साली राज्य सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण दुधाच्या पिशव्या त्या बंदीतून वाचल्या आणि आमच्या पार्किंगमधला पिशवीपंथही वाचला.

मी या पंथाचा उघड शत्रू आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत मी तसं बोलूनही दाखवलं. विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा होता, पण ते असो.

तुम्ही म्हणाल, तुमचा अधिकार काय? काही नाही. मी बी. कॉम. आणि बँकेत क्लार्क. (हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, काउंटरपलीकडचा माणूस मात्र अजून 'ओ साहेब, पासबुक' एवढंच म्हणतो.) विज्ञानाची आणि माझी ताटातूट दहावीला झाली, आनंदानं झाली. पण अठरा वर्षं एकच मोटारसायकल वापरली की माणूस तिचा डॉक्टर नाही तरी नातेवाईक होतोच, आणि आजारपणात जास्त कोण बोलतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

शिवाय मी धर्मांतरित आहे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मलाही एकदा पिशवीची दीक्षा दिली होती. त्याच जुलैत आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आणत होतो. मोतीबिंदू काढून आठवडा झालेला, डोळ्यांवर काळा चष्मा. पावसानं गाठलं. दांडेकर पुलाच्या अलीकडे गाडीनं तीन आचके दिले आणि भर रस्त्यात मान टाकली. मागे बस होती. तिचा ब्रेक करकचून लागला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आईचा पदर आणि बसचा बंपर यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. ड्रायव्हरनं माझ्या खानदानाविषयी काही मतं मांडली. खानदान मागेच बसलेलं असल्यामुळे ती थेट पोचली. आई उतरली, घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांच्या लुनाला निदान पायडल होतं."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं पिशवी सोडली. आतून पखाल उलटावी तसं पाणी आलं. मला वाटत होतं, पिशवी पाणी बाहेर ठेवते. ती पाणी आत ठेवत होती.

याचा हिशेब अगदी सोपा आहे, कॉमर्सवाल्यालाही जमावा इतका. कॉइलमधून वायरीत येणारा विजेचा दाब दहा-वीस हजार व्होल्टचा असतो. एवढा दाब कशाला? तर प्लगच्या टोकाशी मिलिमीटरभरही नसलेली फट, तीही कोंडलेल्या हवेत, ओलांडायची असते म्हणून. पण वीज आमच्या ग्राहकांसारखीच आहे. ज्या खिडकीशी रांग कमी, तिथं ती घुसते. टोपीला चीर गेली, आत ओल शिरली, की वीज फटीपर्यंत जायचे कष्टच घेत नाही. ती ओल्या चिनीमातीवरून सरपटत इंजिनच्या अंगात जिरते. प्लगच्या पांढऱ्या भागावर ज्या कड्या असतात त्या शोभेसाठी नसतात. सरकारी कचेरीत अर्जाचा रस्ता लांबवतात तसा तिथं विजेचा रस्ता लांबवलेला असतो. निव्वळ शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही म्हणे. आपल्या रस्त्यावरच्या पाण्याला शुद्ध म्हणायला माणूस उमेदवार तरी असावा लागतो, नाहीतर नगरसेवक.

आता उष्णता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनचं डोकं दीडशे अंशांच्या घरात सहज जातं. दुधाची पिशवी शंभर-सव्वाशेच्या दरम्यान वितळते. काळ्या चिकटपट्टीचा डिंक त्याच्याही आधी पाघळतो. म्हणजे गाडी चालू असताना पिशवी आतल्या ओलीची वाफ करते, गाडी उभी राहिली की त्याच वाफेचं टोपीवर दव पाडते, आणि कडेचा भाग इंजिनच्या पात्यांना चिकटून असा वास सोडतो की सिग्नलला शेजारचे लोक आपापले खिसे तपासतात. याला संरक्षण म्हणायचं असेल तर आमच्या बँकेतल्या बुडीत कर्जांना ठेवी म्हणायला माझी हरकत नाही.

पिशवीपंथाला उपपंथही आहेत. एक ग्रीसवाला. साखळीचं उरलेलं ग्रीस तो टोपीत बोटानं भरतो. खनिज तेलानं साधं रबर फुगतं आणि सैल पडतं, हे त्याला पटत नाही, कारण ग्रीस फुकटचं असतं. दुसरा फवारेवाला, हा जरा शिकलेला. त्याच्याकडे डब्ल्यूडी-४० चा डबा असतो. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवणारं हे रसायन चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून त्याचं नाव तसं. (चाळीस प्रयत्न! आमच्या शाखेत दिवसाचा मेळ अडतीसाव्याला लागला तरी मॅनेजर तोंड फिरवतो.) भिजलेली गाडी सुरू करून द्यायला फवारा चांगला, पण टोपीची चीर तो बुजवत नाही. औषध घेतलं म्हणून कोणी जेवण सोडत नाही.

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. गाडी बंद पडली की प्रत्येक जण प्लग काढतो. बिचाऱ्याला कानसतात, पॉलिश पेपरनं घासतात, फुंकर मारतात, 'प्लग गेला' म्हणून जाहीर करतात. टोपीकडे कोणी बघत नाही. चूक वरच्या टोपीवाल्याची आणि खुलासा खालच्यानं द्यायचा, हे मी नोकरीत रोज बघतो. निदान रस्त्यावर तरी न्याय व्हावा.

आणि न्याय महाग नाही. नवी टोपी दोन माणसांच्या मिसळीच्या पैशांत येते. वायरीचं टोक काळं-हिरवं पडलं असेल तर, टोपी फिरवून बसवायची असल्यास, पाच-सहा मिलिमीटर कापून टाकायचं आणि ताज्या तांब्यावर टोपी बसवायची. टोपी काढताना टोपीला धरायचं. वायर ओढायची नाही. रबराच्या ओठाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. ते उष्णतेला दाद देत नाही आणि रबराला खात नाही. वायर इंजिनच्या पात्यांना टेकत असेल तर जरा दूर बांधायची आणि तेवढ्या भागावर काचतंतूची नळी चढवायची. काही इंजिनांत प्लगच्या खड्ड्यातून पाणी निघून जायला बारीक भोक असतं, तेही चिखलानं बुजलंय का पाहायचं. रेझिस्टरवाली टोपी मीटरवर साधारण पाच हजार ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर ती वारली. आणि मीटर नसेल तर रात्री पार्किंगचा दिवा घालवून गाडी सुरू करा, वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि लांबून बघा. निळ्या ठिणग्या नाचल्या की समजा. हात लावू नका. मी लावला होता. गाडी धुणाऱ्या पोऱ्याला पाइपचा जोर प्लगवर मारू नको म्हणून सांगायचं, एवढंच मला अजून जमलेलं नाही. तो 'हो साहेब' म्हणतो आणि तिथंच मारतो.

काकांचं म्हणणं, "अरे, माझी गाडी नऊ वर्षं पिशवीवर चालत्येय." खरं आहे. काका पावसात गाडी बाहेर काढत नाहीत.

यंदा मी नवी टोपी बसवली, सगळं शास्त्रोक्त केलं. पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर माझ्या प्लगवर पिशवी! अर्ध्या लिटरची, दोन रबरबँड, वर चिकटपट्टी. काकांनी रात्री मायेनं बांधलेली. मी ती सोडवली. आत चमचाभर पाणी साठलं होतं. म्हटलं, आता पुराव्यानिशी बोलू. पिशवी तशीच अलगद धरून तीन जिने चढलो आणि काकांपुढे धरली.

काकांनी चष्मा लावला, पाणी नीट निरखलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"बघ. एवढं सगळं टोपीत गेलं असतं."