ठेक्याने दिलेला पहारा

अमेरिकन नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल माइक मॅकॉनेल १९९२ ते १९९६ या काळात एनएसए या हेरखात्याचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते हेरखात्यांची कंत्राटे घेणाऱ्या बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन कंपनीत गेले. २००७ साली सर्व हेरखात्यांवरील संचालक म्हणून ते सरकारात परतले. पाळतीची मुभा वाढविणाऱ्या कायद्याचा त्याच वर्षी त्यांनी पाठपुरावा केला. आणि पद सोडल्यावर २००९ साली पुन्हा त्याच कंपनीत रुजू झाले. हा एका व्यक्तीच्या नीतिमत्तेचा प्रश्न मानणे भाबडेपणाचे ठरेल. भय हा जेथे माल आणि राज्यसंस्था हे गिऱ्हाईक, तेथे शत्रू कमी होणे भांडवलाला परवडत नाही. राष्ट्राचा पहारा ठेक्याने देता कामा नये, ही मागणी समाजवाद्यांनी सर्वत्र लावून धरली पाहिजे.