काजव्यांच्या रानांत विजेरीची लेखणी

‘अंधार म्हणजे आमचा कोरा फळा’, असें रानांत रात्रीं प्रकाशचित्रें काढणारे हौशी लोक मोठ्या अभिमानानें सांगतात. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, त्याचें झांकण अर्धाएक मिनिट उघडें राहूं द्यावें, आणि त्याच्यासमोर विजेरी फिरवीत हिंडावें. हिंडणारा काळोखांत लोपतो, उजेडाची वाट तेवढी चित्रांत उमटते. ही युक्ति आम्हांस मुळींच हलकी वाटत नाहीं. १८८९ सालीं फ्रान्समध्यें मारे व देमेनी यांनीं माणसाच्या अंगावर दिवे बांधून त्याची चाल टिपली. १९३५ सालीं मॅन रे यानें हीच हातोटी कलेकडे वळविली. आणि १९४९ सालीं जॉन मिली याच्या कॅमेऱ्यापुढें पिकासोनें लहानशा दिव्यानें हवेंत ज्या आकृति रेखाटल्या, त्यांची मोहिनी आजहि ओसरलेली नाहीं. पण पिकासोनें त्या अंधाऱ्या खोलींत काढल्या. तो अंधार त्याचा स्वतःचा होता.

रानांतला अंधार कोरा असतो हें कोणीं सांगितलें? मे महिना सरतां सरतां भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूस हिरडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लुकलुकूं लागतात. ती आमच्यासाठीं मांडलेली रोषणाई नव्हे. नर ठराविक तालावर उजेडाची खूण करतो, मादी तिला उत्तर देते, आणि तें उत्तर दिसलें तरच पुढची पिढी जन्मास येते. कित्येक महिने ओलसर मातींत गोगलगायींवर गुजराण केलेल्या या जिवाला पंख फुटल्यावर उणेपुरे कांहीं आठवडे मिळतात. ‘क्षणभराच्या विजेरीनें काय बिघडतें?’ असा प्रश्न येतोच. एकाच झाडाखालीं दहा तिपाया उभ्या असल्या म्हणजे तो क्षण रात्रभर पुरतो, हें विचारणारास ठाऊक नसतें काय?

गेल्या जूनमध्यें अशा एका झाडाजवळ आम्ही उभे होतों. शेजारच्या मंडळींनीं पोलादी तारांचा बोळा पेटवून दोरीनें गरगरा फिरविला. ठिणग्यांचें छत्र खरोखरच सुंदर दिसलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र खालीं पहिल्या पावसाची वाट पाहणारा वाळका पाचोळा होता. तो पेटला नाहीं, एवढेंच. झाडावरचा उजेड मात्र मालवला, आणि आम्ही तेथें असेपर्यंत पुरता परतला नाहीं.

आणखी एक गोष्ट या मंडळींनीं उघडपणें सांगावयास हवी. काजव्यांनीं ओसंडणारीं जीं चित्रें घरोघर पाहावयास मिळतात, त्यांतलीं पुष्कळशीं अनेक छायाचित्रें एकावर एक बसवून केलेलीं असतात. तासाभराचा उजेड त्यांत एका क्षणाचा म्हणून दिसतो. तेवढा उजेड शोधावयास लोक मुलांबाळांसह येतात, तो दिसत नाहीं म्हणून खिशांतले दिवे काढतात, आणि अळ्या जेथें वाढतात तीच जमीन तुडवितात.

वास्तविक काजव्यांच्या चित्राला आपला दिवा लागतच नाहीं. झांकण उघडें ठेवून स्वस्थ बसलें कीं ते आपलें आपण लिहितात. ज्यांना स्वतःच लिहावयाची हौस आहे, त्यांनीं ती दिवाळीनंतर घरच्या गच्चीवर भागवावी. काळोख तेथेंहि होतो.