तोरणा काही पळून जात नाही!

परीक्षा संपत आल्या की होस्टेलच्या पॅसेजमध्ये ट्रेकचे बेत शिजू लागतात. 2025 च्या जुलैत राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि 'तोरणा ते राजगड एका दिवसात' या बेताला आणखीच उधाण आलं. बेत झकास आहे. ही वाट मी दोनदा चाललोय, पुन्हाही चालेन. पण आपली तयारी म्हणजे नवे बूट, गॉगल आणि पॉवर बँक! खरी तयारी वेगळीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वाट समजून घ्या. वेल्हे गावातून तोरणा चढायचा, बुधला माचीवरून घसाऱ्याच्या वाटेनं उतरायचं आणि मग डोंगराच्या धारेवरून राजगडाची संजीवनी माची गाठायची. अळू दरवाजातून गडावर शिरलं की पद्मावती माची, आणि तिथून चोर दरवाजानं खाली गुंजवणे. धारेवर दोन्ही बाजूंना उतार, वर सूर्य. सावली आणि पाणी, दोन्ही बेभरवशाचं.

"अबे, आपण यवतमाळचे! पंचेचाळीस डिग्री पाहिलेली माणसं, आपल्याले काय होते?" हे वाक्य दर ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतोच. आता जरा गणित करा. तोरण्याची उंची 1403 मीटर, वेल्ह्यापासून चढ साधारण 700 मीटर. सॅकसह वजन 70 किलो धरलं तर एमजीएच येतं सुमारे 480 किलोज्यूल. आपल्या शरीराची कार्यक्षमता जेमतेम 25 टक्के, म्हणजे त्याच्या तिप्पट ऊर्जा, 1440 किलोज्यूल, नुसती उष्णता होऊन बाहेर पडायला हवी. ती घामानंच न्यायची म्हटली तर साधारण 600 मिलिलीटर घाम वाळावा लागतो, आणि जो टपकून जातो तो हिशेबात नाहीच! हा झाला फक्त पहिला चढ. वर वारा असतो, घाम लगेच वाळतो आणि तहान उशिरा कळते. मे महिन्यात यवतमाळात आपण दुपारी घराबाहेर पडत नाही, म्हणून टिकतो. धारेवर घर नसते, भाऊ! माणशी चार लिटर पाणी घ्याच. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती औषध एका बाटलीत वेगळं ठेवा.

सरावाला सह्याद्री लागत नाही. तीन मजली होस्टेल म्हणजे जवळपास नऊ मीटर. म्हणजे 78 वेळा जिना चढला की एक तोरणा! पहिल्या आठवड्यात वीस फेऱ्या, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. मग हळूहळू वाढवा. उतरणंही मोजा, कारण गुडघे उतरतानाच बोलतात. निघण्याआधी एक रविवार माहूरला द्या. रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयामाता, सगळं जीप न करता पायी. ग्रुपमध्ये कोण किती चालतो, ते तिथंच कळतं.

आता मुद्द्याचं. मुंबई-पुण्याची पोरं अर्ध्या वाटेतून परतली तर त्यांचा एक रविवार जातो. आपण रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून बसतो, झोप नाही, सकाळी उतरलो की थेट डोंगर. आणि ढग भरून आले, कोणाला चक्कर आली, तरी एकच पालुपद: "इतक्या लांब आलो, आता काय परत जायचं?" माझ्या मते हे वाक्य दरीपेक्षा धोकादायक आहे. पूल बांधताना आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो. मग स्वतःच्या हाडांसाठी तो एकच का?

म्हणून दोन नियम. पहिला, पोहोचण्याचा दिवस आणि चढण्याचा दिवस वेगळा. रात्री वेल्ह्यात झोपा आणि पहाटे साडेपाचला निघा. दुसरा, परत फिरायची वेळ होस्टेलवरच कागदावर लिहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दहापर्यंत बुधला माची सोडली नाही, तर राजगड रद्द आणि आल्या वाटेनं वेल्हे. पुढं खिंडीत डांबरी सडक आडवी येते. कोणी थकलं असेल तर तिथून सर्वांनी सोबत उतरायचं. विजा चमकू लागल्या तर धार सोडून खाली, तिथं चर्चा नाही. आणि "परत जाऊ" असं सर्वांत दमलेल्यानं म्हटलं तरी ते अंतिम. त्याला नंतर मेसमध्ये चिडवायचं नाही! हे तिसरं कलम सगळ्यात अवघड आहे, कारण चिडवतील या भीतीनंच पोरं चक्कर लपवतात.

आदरणीय प्राध्यापकांनाही विनंती. ट्रेकवर बंदी घातली की पोरं "मामाकडे लग्न आहे" सांगून जातात आणि कुठं गेली ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा परवानगी द्या, पण अर्जासोबत वाटेचा नकाशा, परतीची वेळ आणि पायथ्याच्या गावातला एक फोन नंबर मागा. संध्याकाळी ठरल्या वेळी फोन आला नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे तरी कळेल.

शिवरायांच्या काळापासून तोरणा तिथंच उभा आहे. पुढच्या हिवाळ्यातही तो असेल. आपणही असायला हवं, एवढंच!