पाणिनीचा अभिमान, पण बीएवाल्याला दार बंद

‘संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, नासानेही मान्य केलंय’ हा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलाच असेल. मूळ गोष्ट एवढीच: १९८५ मध्ये नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी ‘एआय मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला. आपले वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या रीतीने उलगडतात, ती यंत्राला ज्ञान मांडून देण्याच्या रीतीशी जुळते, हा त्यांचा मुद्दा. संस्कृतमध्ये कोडिंग करा, असं नव्हे.

गंमत पुढेच आहे. हाच फॉरवर्ड पाठवणारे काका पुतणीने बीएला संस्कृत किंवा तत्त्वज्ञान घेतलं की विचारतात, “मग पोटापाण्याचं काय?” आणि तीच पोरगी कोडिंग शिकून अर्ज करते, तेव्हा कंपनीचा फॉर्म बीई-एमसीए निवडल्याशिवाय पुढे सरकत नाही.

मी स्वतः व्याकरण शिकून या क्षेत्रात आलो. डेटाबेस, नेटवर्क रात्री जागून शिकावं लागलं, ते कुणालाच चुकत नाही. पण दोन नियम एकमेकांत अडकले तर कोणता चालवायचा, अपवाद कुठे ठेवायचा, वरच्या नियमातला शब्द खाली पुन्हा न लिहिता कसा चालू ठेवायचा, हे अष्टाध्यायीच्या सुमारे ४,००० सूत्रांनी आधीच शिकवलं होतं.

सवलत नकोच. परीक्षा घ्या, नापास झालो तर खुशाल घरी पाठवा. पण परीक्षेलाच बसू द्यायचं नाही आणि वर पाणिनीच्या नावाने छाती फुगवायची, हा दुटप्पीपणा आता पुरे.

बघा पटतंय का.