कापसासाठी पाटा, माणसासाठी काय?

१/ वाहनांचा इतिहास बहुधा इंजिनांचा म्हणून लिहिला जातो. प्रवाशाच्या पाठीचा इतिहास मात्र चाक आणि बैठक यांच्या मधल्या जागेत घडला. बोदवडच्या काळ्या मातीतून पाहिले, तर तो अधिक स्पष्ट दिसतो.

२/ खान्देशी बैलगाडीत आख साटीखाली घट्ट बसवलेला असे. लोखंडी धावेला बसलेला हिसका माणसापर्यंत जसाच्या तसा पोहोचे. कडबा आणि गोधडी एवढाच उतारा. बोदवडवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. शेतापासून रुळापर्यंतचे हिसके कायम राहिले.

३/ तत्पूर्वीच, १८०४ मध्ये, लंडनच्या ओबडाया इलियटने बग्गीच्या कमानपाट्यांचे पेटंट घेतले होते. एकावर एक रचलेले पोलादी पाटे भार पेलतात आणि आखाला जागेवर धरूनही ठेवतात. स्वस्त, दणकट, दुरुस्तीस सोपे. ट्रक आणि जीप यांनी ते स्वीकारले, ते योग्यच होते.

४/ परंतु भारासाठी घडवलेला ताठ पाटा रिकाम्या गाडीत दबत नाही, गाडी उसळते. दोन्ही चाके एका आखाला जोडलेली असल्याने एक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते.

५/ प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग दिली की एकाचा धक्का दुसऱ्याला कमी लागतो. स्प्रिंग फार मऊ असेल तर गाडी वळणावर झुकते. शॉक ॲब्सॉर्बर झिजला तर ती डोलत राहते, चाकाची रस्त्यावरची पकड सुटते आणि ब्रेकही उशिरा लागतो. म्हणजे आराम व ताबा यांचा तोल साधावा लागतो.

६/ फ्रान्समध्ये सिट्रोएनने हा तोल शेतकऱ्यासाठी शोधला. नांगरलेल्या शेतातून नेताना टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी अट घालून घडवलेली 'टू सीव्ही' १८४८ च्या क्रांतीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, लोकांसमोर आली. त्याच वर्षी १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली.

७/ एसटीने गावे जोडली, हे तिचे मोठेपण. पण अंड्यांची ती अट आपल्याकडे ग्रामीण प्रवाशासाठी कोणी घातली नाही. जिथे एसटी पोहोचली नाही, तिथे मालवाहू सांगाड्यावरची काळी-पिवळी आली. कापसाच्या गाठीला हिसका जाणवत नाही. गरोदर बाईला आणि रुग्णाला जाणवतो.

८/ दोष पाट्याचा नाही, मालासाठीच्या गाडीत माणसे बसवण्याच्या सवयीचा आहे. आराम ही शहरी चैन नव्हे. तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्याची पाठ ही वाहनाच्या आराखड्यातली पहिली अट असली पाहिजे.