क्रतेकची विजार आणि आपला जवस

मुलांचा कार्टूनपट म्हटला की मांजराने उंदरामागे धावायचे, भांडी फुटायची आणि घरभर गोंधळ, असे आपण धरूनच चालतो. आज ज्या भागाविषयी लिहायचे आहे त्यात पाठलाग नाही की मारामारी नाही. एका लहानशा प्राण्याला विजार हवी असते, एवढीच गोष्ट. पण ती शेतकऱ्याच्या घरात बसून पाहावी अशी आहे, कारण तिचा खरा नायक आपला जवस आहे.

मालिकेचे नाव ‘क्रतेक’. चेक भाषेत क्रतेक म्हणजे जमिनीखाली बोगदे काढणारा, मखमली अंगाचा, जवळजवळ आंधळा असा एक प्राणी. तो आपल्या भागात नाही. दिसायला चिचुंद्रीच्या वळणाचा, पण पुढचे पंजे फावड्यासारखे. तिकडचे शेतकरी आणि बागवाले त्याच्यावर फार खूश नसतात, कारण हिरवळीत जागोजागी तो मातीचे ढीग काढून ठेवतो. मात्र तो मुळे खात नाही, गांडुळे आणि किडे खातो.

या प्राण्याला चित्रात आणणारे झ्डेनेक मिलर १९२१ साली क्लाद्नो गावी जन्मले आणि २०११ साली वारले. जवसापासून कापड कसे होते हे मुलांना समजावणारा चित्रपट करा, असे काम त्यांच्याकडे आले होते. विषय तसा कोरडा. गोष्ट सांगायला एखादा प्राणी हवा, आणि तोही डिस्नेने आधी न वापरलेला, या विचारात ते फिरायला गेले आणि मातीच्या अशाच एका ढिगाला अडखळले, अशी आठवण ते सांगत. त्यातून ‘क्रतेकला विजार कशी मिळाली’ हा भाग तयार झाला, आणि १९५७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले.

गोष्ट अशी. क्रतेकला मोठ्या खिशांची विजार हवी आहे. सापडलेल्या चीजवस्तू ठेवायच्या कुठे? तो खेकड्याच्या जातीच्या, नांग्यावाल्या एका पाणजीवाकडे जातो. तो म्हणतो, कापून देईन, पण कापड आण. बोरूच्या बेटात घरटे विणणारा पक्षी म्हणतो, शिवून देईन, पण कापड आण. कापड कुठून आणायचे? तेव्हा जवसाचे रोपच त्याला वाट दाखवते. मग हा गडी त्या रोपांची निगा राखतो, पाणी घालतो. निळी फुले येतात आणि जातात. पुढे बेडूक ताटे पाण्यात भिजवतो, करकोचा चोचीने ती मोडून काढतो, साळिंदरासारख्या काट्यांचा एक लहान प्राणी आपल्या पाठीवर वाख विंचरतो, कोळी सूत काततात, करवंदाएवढी रानफळे निळा रंग देतात आणि मुंग्या कापड विणतात. मग कापणारा आणि शिवणारा आपापला शब्द पाळतात.

यात गंमत आहे, पण खोटे फारसे काही नाही. कापडासाठीचा जवस विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. पेरणीही दाट करतात. दाटीत रोप सरळ उंच जाते आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. साधारण शंभर दिवसांत ते उपटायला येते. ताटे पाण्यात किंवा दवात कुजवली की सालीतला डिंक सुटतो आणि धागा काडीपासून मोकळा होतो. ज्यांनी अंबाडी कुजवून वाख सोलला आहे, दोर वळले आहेत, त्यांना हे काही नवे नाही. तो वासही त्यांच्या ओळखीचा असेल!

आपल्याकडे विदर्भात जवस आहे तो तेलाचा. बुटका, फांद्यांचा, बोंडांनी भरलेला. भंडारा-गोंदियाकडे उभ्या धानात लाखोळीबरोबर तो फेकण्याची रीत आहे. घरात चटणी, गुरांना ढेप, उरलेले बाजारात. गेल्या काही दशकांत त्याचे क्षेत्र फार घटले. आणि तोच जवस फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांतून धागा होऊन येतो आणि शहरातल्या दुकानात ‘लिनन’ या नावाने असा विकला जातो की किमतीची चिठ्ठी पाहून माणूस शर्ट हळूच परत ठेवतो. लिनन म्हणजे जवस, हे जवस पिकवणाऱ्या कितीजणांना कोणी सांगितले?

मला या भागातली खरी गोष्ट इथे वाटते. क्रतेक माल काट्यावर घालून घरी परतत नाही. भिजवताना, विंचरताना, विणताना तो प्रत्येक ठिकाणी हजर असतो, आणि शेवटी कापड त्याच्याच अंगावर येते. आपला कापूस काट्यावर उतरला की आपली-त्याची ओळख संपते. पुढच्या प्रत्येक पायरीला किंमत वाढते आणि त्या पायऱ्या आपल्या अंगणात नसतात. पोराचा गणवेश घ्यायला गेल्यावर त्याच कापसाची आणि आपली पुन्हा गाठ पडते, पण तेव्हा आपण गिऱ्हाईक असतो.

कोणी म्हणेल, ही तर आपली जुनी बलुतेदारीच झाली. मला तसे वाटत नाही. बलुतेदाराला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती आणि सुगीनंतर वाट्याला काय येईल हे दुसऱ्याच्या मर्जीवर होते. इथे बेडूक काय आणि मुंग्या काय, आपखुशीने येतात. अर्थात मजुरी कोणीच मागत नाही, आणि तेवढ्यापुरती ही गोष्ट परीकथाच आहे. चाणाक्ष पोर विचारीलच, “मुंग्यांना काय मिळालं?” विचारले तर गप्प करू नका.

या पहिल्या भागात बोलणे आहे. पुढे मिलरनी बोलणे काढूनच टाकले. नुसते हसणे आणि हुंकार ठेवले, तेही स्वतःच्या मुलींच्या आवाजात, म्हणजे कोणत्याही देशातल्या मुलाला भाषांतराशिवाय कळावे. २००२ पर्यंत सुमारे पन्नास भाग झाले, आणि २०११ साली क्रतेकचे कापडी बाहुले अमेरिकेच्या एंडेव्हर यानातून अवकाशातही जाऊन आले. एवढ्या खटपटीने मिळवलेली विजार मात्र पुढच्या बहुतेक भागांत त्याच्या अंगावर दिसत नाही. लहान मुलांच्या घरात हे काही नवल नाही.

मोबाईलवर हा भाग मुलांना दाखवलात तर त्यानंतर एक उद्योग करून पाहा. मळणीपूर्वी जवसाची दहा-बारा ताटे मुळासकट उपटून वाळवा, बोंडे झाडून घ्या आणि काड्या बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा. आठवडाभराने एक काडी मोडून पाहा. साल सुटत नसेल तर आणखी चार दिवस थांबा. मग वाळवून, कुटून, जुन्या फणीने विंचरा. धागा आखूड आणि जाडाभरडा निघेल, कारण वाण तेलाचा आहे. पण मांडीवर वळला तर हातभर दोरी होते. बादली मात्र स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि ते पाणी गुरांपुढे किंवा माशांच्या डबक्यात ओतू नका. कुजवणीच्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, त्यात मासे मरतात.